चावडीच्या फळीवरचे सहा जण

नमस्कार मंडळी. ही संगमरवरी फळी बघा. आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत बसवलेली आहे. वरून दोनदा ऑइल पेंट फासल्यामुळे अक्षरं बुजलीत, पण सकाळचं तिरकं ऊन पडलं की वाचता येतात. इंग्रजीत लिहिलंय, की १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले आणि त्यातल्या सहा जणांनी प्राण दिले. बस्स, एवढंच. नाव एकाचंही नाही.

अशा फळ्या सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत आहेत. मग ते सहा जण कोण? शोधता येतात. मी शोधतेय.

सुरुवात कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे दोन्ही महायुद्धांत मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, वेबसाइटपासून करा. शोध फुकट आहे. तिथे आडनाव टाकून बसू नका, जाधव-मोरे शेकड्यांनी निघतात. ‘अधिक माहिती’च्या रकान्यात गावाचं नाव टाका. भारतीय शिपायांच्या बऱ्याच नोंदी अशा असतात: अमक्याचा मुलगा, मुक्काम अमुक, तालुका खटाव, जिल्हा सातारा, मुंबई (म्हणजे तेव्हाचा मुंबई इलाखा). हा बापाचा उल्लेखच तुमचा खरा धागा. स्पेलिंग मात्र कारकुनाच्या कानावर गेलेलं. खटावच्या शेवटी व्ही, डब्ल्यू, ओ काहीही असेल. पलटणीचं नावसुद्धा ‘महरट्टा’ असं लिहिलेलं सापडेल. मी एकेका गावासाठी पाच-सहा स्पेलिंगं करून बघते. रायगड शोधू नका, तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता.

आता नोंदीत ‘बसरा मेमोरियल’ दिसलं तर जरा थांबा. इराकमधलं हे स्मारक १९२९ मध्ये उभं राहिलं आणि १९९७ मध्ये तिथून हलवलं गेलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, मेलेल्या, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४०,००० हून जास्त जणांचं ते स्मारक. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. आपल्याकडच्या फक्त अधिकाऱ्यांची कोरली. साध्या शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. म्हणजे गावातही आकडा आणि बसऱ्यातही आकडाच! मला हे वाचून रात्री झोप लागली नव्हती. २०२१ मध्ये कमिशनने ही असमानता स्वतःच्या अहवालात मान्य केली. नावं कागदी नोंदवहीत होती, आणि म्हणूनच आज ती आपल्याला मिळतात.

नोंदीत पलटण कळली की माणूस कुठे होता त्याचा अंदाज येतो. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी इराकमधल्या कूत-अल-अमारा गावात तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकल्या. उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करावी लागली. पुढे हजारो कैद्यांना वाळवंटातून पायी चालवत नेलं. त्या तारखेनंतरचा मृत्यू दिसला तरी लगेच ‘कैदेत वारला’ असं लिहू नका, बरं का. त्याच पलटणींचे काही जवान वेढ्याबाहेरही लढत होते. तारीख आणि स्मारक दोन्ही ताडून बघा.

कोकणातलं गाव असेल आणि पलटणीत कुणी सापडत नसेल, तर जहाजावरचे खलाशी बघा. मुंबईत मशीद बंदरला त्यांचं स्मारक आहे, पहिल्या महायुद्धातल्या २,२२३ जणांचं.

जे परत आले त्यांचं काय? त्यांच्या नोंदी मिळणं अवघड. पण घरात मेडल असेल तर ते आधी उभं धरा. राजाचा चेहरा बघायचा नाही, कडा बघायची. (मेडल कॅमेऱ्याजवळ आणत) दिसतंय? कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण. ब्रासो लावून घासू नका, ती अक्षरं झिजतात. एका आजींनी हे मेडल देवघरात ठेवलं होतं, हळदीकुंकू वाहून. सासऱ्यांचं आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं. कडेवरचं नाव वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

आमच्या सहापैकी चार नावं आता बापाच्या नावासकट जुळली आहेत. उरलेल्या दोघांसाठी तलाठी कार्यालयात जुन्या फेरफारांच्या नकला मागितल्यात. शिपाई मेला की त्याच्या जमिनीला वारस लागला असणार, ती नोंद कुठेतरी असेल. काही पानं मोडीत आहेत. मोडी वाचणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर खाली कळवा.