आवाज येतोय, चित्र नाही

(काळी स्क्रीन. मागे टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज. दहा सेकंद निवेदन नाही.)

तुमचा मोबाइल बिघडलेला नाही, थांबा. हा टीव्हीच असा आहे. बातम्या ऐकू येतायत, रिमोटने चॅनल बदलतंय, आवाज कमीजास्त होतोय, फक्त चित्र गेलंय. आता टीव्ही दुरुस्त करणारे काका स्क्रीनवर टॉर्च तिरका धरतायत, नीट बघा... दिसली? बातम्या देणारी बाई आहे तिथे. फिकी, धुक्यातल्यासारखी, पण आहे. म्हणजे चित्रसुद्धा येतंय, ते दिसायला मागून जो उजेड लागतो तेवढाच गेलाय.

टीव्ही माझाच आहे. 32 इंची, 2019 च्या दिवाळीत ऑफरमध्ये घेतलेला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण आमच्याच मजल्यावर आणखी दोन कंपन्यांचे दोन टीव्ही असेच गेलेत, मग एकीलाच कशाला शिव्या घाला. कंपनीचा माणूस आला, प्लग काढून परत लावला, रिमोट दाबून बघितला आणि म्हणाला पॅनल गेलंय, 11,800 होतील, त्यापेक्षा थोडे वरचे घालून नवीनच घ्या ना, एक्स्चेंज चालू आहे. मागचं झाकण त्याने उघडलंसुद्धा नाही. हा त्याने दिलेला कागद, 'पॅनल फॉल्टी' एवढंच लिहिलंय. त्या भेटीचं शूटिंग नाहीये, कारण तेव्हा व्हिडिओबिडिओ काही डोक्यात नव्हतं, नुसती सणक गेली होती.

(ग्रँट रोड स्टेशन, पूर्व बाजू. पुलावरून उतरणारी गर्दी. टॅक्सीच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेला टीव्ही.)

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण टॅक्सीवाल्याला हे नाव सांगा, तो उलट तुम्हालाच विचारेल, लॅमिंग्टन रोड का? लॅमिंग्टन म्हणजे 1903 ते 1907 मुंबईचा गव्हर्नर होता तो. गव्हर्नर जाऊन शंभर वर्षं झाली, नाव अजून चालू आहे, आणि माझा टीव्ही सहावी दिवाळी बघू शकला नाही.

या रस्त्यावर काय मिळत नाही ते विचारा. कॉम्प्युटर, सीसीटीव्ही, केबलची भेंडोळी, आणि आतल्या दुकानांमधून रेझिस्टर, कंडेन्सर, आयसी. बघा हे, खणाखणांची कपाटं, जुन्या काष्ठौषधीवाल्याकडे असायची ना, तशी. इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टसाठी चिठ्ठी घेऊन येतात, आतला माणूस चिठ्ठी न वाचताच सांगतो कुठलं कॉलेज ते.

आपल्याला जायचंय बाजूच्या गल्लीत. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, दोन माणसं (काका आणि हाताखालचा पोरगा) आणि एक टीव्ही. काका 38 वर्षं हेच करतायत. आधी ट्रान्झिस्टर, मग डब्याचे टीव्ही, मग व्हीसीआर, मग हे सपाट.

(टेबलावर टीव्ही पालथा. वरून शॉट. स्क्रू उघडण्याचा आवाज.)

हे जरा सावकाश बघा, कारण हेच ते झाकण, जे न उघडता 11,800 चा आकडा निघाला होता.

स्क्रू स्टीलच्या वाटीत, वाटीखाली जुन्या स्पीकरचं लोहचुंबक, म्हणजे एक पण हरवत नाही. झाकण निघालं. आत काय, दोन हिरवे बोर्ड, दोन स्पीकर, बाकी सगळी मोकळी जागा. एवढ्याशा ऐवजासाठी आपण इएमआय भरतो. एक वाळलेलं झुरळ पण निघालं, ते काकांनी फुंकर मारून उडवलं.

आता खरं काम. पॅनलची काच. दोन्ही बाजूंनी रबरी सक्शन लावून दोघांनी मिळून उचलायची, कारण पापडासारखी आहे, जरा वाकली की खेळ खलास, आणि कडेला चिकटवलेल्या या पातळ पट्ट्या, त्यातली एक जरी फाटली तरी मग कंपनीच्या माणसाचं खरं होईल, पॅनल खरंच जाईल. इथे काका बोलत नाहीत. पोरगा पण बोलत नाही. आम्ही पण श्वास रोखून होतो, शॉट हललाय थोडा, माफ करा.

काचेखाली बटर पेपरसारखे तीन कागद. एकावर एक. ते कुठल्या क्रमाने आणि कुठली बाजू वर, हे चुकलं तर चित्रावर डाग येतो, म्हणून पोरगा कोपऱ्यात पेन्सिलने खूण करतोय. आणि सगळ्यात खाली या पट्ट्या. 3 पट्ट्या, प्रत्येकीवर 7 एलईडी, डोक्यावर भिंगासारखी टोपी. टीव्हीचा उजेड म्हणजे हे 21 दिवे, बस.

(क्लोजअप. टेस्टरच्या दोन सुया. एक-एक दिवा पेटतो.)

पेटला. पेटला. पेटला. हा पण. हा... नाही. परत लावून बघितला. नाही.

टोपी काढली तर हा काळा ठिपका. मोहरीएवढा. वीस दिवे ठणठणीत आहेत, हा एक गेला म्हणून सगळे विझले, कारण सगळे एकापाठोपाठ एक जोडलेत. ज्यांच्या घरी गणपतीत जुन्या लायटिंगच्या माळा होत्या त्यांना हे सांगायला नको. एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद, मग एका पोराला कामाला लावायचं, एकेक बल्ब पिळून बघ म्हणून, आरतीची वेळ झाली तरी तो तिथेच बसलेला. फरक एवढाच की त्या माळेचा बल्ब वाण्याकडे मिळायचा आणि तो बदलायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

पण गेला का हा? पाच वर्षांत एलईडी जातो का? एलईडी बल्बच्या खोक्यावर तर 25,000 तास वगैरे छापतात. काकांना विचारलं तर हसले. म्हणाले, "अरे, शोरूममध्ये शेजारच्या टीव्हीपेक्षा चमकला पाहिजे ना. म्हणून करंट ठासून देतात. माणसाला रोज पळत ऑफिसला जायला लावलं तर किती वर्षं जाईल?"

एलईडीला जेवढा करंट जास्त तेवढा तो तापतो, जेवढा तापतो तेवढा लवकर जातो, यात काही गूढ नाही. कमी करंट दिला तर उजेड थोडा कमी, आयुष्य जास्त. आणि हा आकडा कुणीतरी बसून ठरवलेला असतो. दुबईचं उदाहरण बघा. 2016 मध्ये तिथल्या नगरपालिकेने फिलिप्सकडून खास एलईडी बल्ब बनवून घेतले, दुबई लॅम्प म्हणतात त्याला. युक्ती काय, तर आत एलईडी जास्त घालायचे आणि प्रत्येकाला करंट कमी द्यायचा. बल्ब गार राहतो, वीज कमी खातो, टिकतो. म्हणजे येतं बनवता. मागणारा तेवढा तगडा पाहिजे.

(चोर बाजार, मटन स्ट्रीट. जुने पिवळे बल्ब, पितळी होल्डर, फिरता शॉट.)

आणि हा खेळ आजचा नाहीये. हे बल्ब बघा, असल्याच साध्या तारेच्या बल्बपासून सुरू झालाय. 1924 साली जिनिव्हात जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्या एकत्र बसल्या, ओसराम, फिलिप्स, अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या गोतावळ्यातल्या, आणि फीबस नावाचं कार्टेल केलं, म्हणजे स्पर्धा सोडून आपसात ठरवून धंदा करायचा. त्या वेळी बल्ब दीड-दोन हजार तास चालायचे. यांनी ठरवलं, 1,000 तास. नुसतं ठरवून थांबले नाहीत, प्रत्येक कारखान्यातले बल्ब स्वित्झर्लंडच्या लॅबमध्ये तपासायचे आणि ज्याचा बल्ब जास्त टिकला त्याला दंड! आपल्याकडे माल खराब निघाला तर दंड होईल की नाही याची खात्री नाही, तिथे चांगला निघाला म्हणून दंड. दुसरं महायुद्ध आलं आणि ते कार्टेल मोडलं. बल्बवाले म्हणतात की जास्त टिकणारा बल्ब मंद जळतो आणि तेवढ्याच उजेडाला वीज जास्त खातो, तेही खोटं नाही, पण मग दंडाचं कोष्टक कशाला छापलं होतं?

चोर बाजारात आणखी एक गोष्ट मिळाली. हा रेडिओ. चालत नाही, पण मागचं झाकण बघा, आतल्या बाजूला अख्ख्या सर्किटचा नकाशा चिकटवलेला. कुठली वायर कुठे जाते ते सगळं, आणि तोही फुकट. बनवणाऱ्यालाच माहीत होतं की हा कधीतरी कुणीतरी उघडणार.

(स्वयंपाकघर. डोंबिवली. ओट्यावर मिक्सर, शेजारी ओलं खोबरं.)

हा माझ्या मावशीचा मिक्सर. सुमीत. तिच्या लग्नातला, आणि तिच्या मुलीचं लग्न होऊन पण आता सात वर्षं झाली. आवाज एवढा की मावशी "अगं" म्हणते ते खाली सोसायटीत ऐकू जातं, पण वाटण असं गंधासारखं. आतापर्यंत काय बदललं विचारलं तर बोटावर मोजून सांगते: कार्बन ब्रश तीनदा, कपलर चार-पाच वेळा, भांड्याचं बुश, एकदा वायर, कारण उंदीर.

याची जन्मकथा माहितीये? साठच्या दशकाची सुरुवात, मुंबईत सत्यप्रकाश माथुर म्हणून सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांच्या बायकोकडे, माधुरीबाईंकडे, जर्मन ब्राउनचा मिक्सर होता. आपलं वाटण घालून घालून त्याची मोटर जळली. आणि इथे दुरुस्त करून देणारं कुणी नाही. मग माथुरांनी स्वतःच मिक्सर बनवायला घेतला, आपल्या डाळीतांदळाला पुरेल अशा मोटरचा, आणि त्यातून सुमीत आला. म्हणजे या देशातल्या घराघरांत मिक्सर पोचला तो एक मिक्सर दुरुस्त होईना म्हणून.

मावशीच्या सुनेने दोन वर्षांपूर्वी नवीन घेतला होता, ऑनलाइन. तो माळ्यावर आहे. खाली एक रबरी पाय निघत नाही म्हणून स्क्रू दिसत नाही, आणि स्क्रू सापडला तर त्याला लागणारा पाना कुणाकडे नाही.

(परत दुकान. हिरव्या बोर्डाचा क्लोजअप.)

नव्या पट्ट्या येईपर्यंत काका बोर्ड साफ करतायत. हा जो हिरवट-पांढरा थर दिसतोय तो आपल्या मुंबईची मेहेरबानी. खारी हवा आणि चार महिने दमट. थिनर आणि दात घासायचा जुना ब्रश. आता या उभ्या नळकांड्या बघा, यांना दुकानात कंडेन्सर म्हणतात. डोकं सपाट पाहिजे, हा एक फुगलाय. आत एक द्रव असतो, तो उष्णतेने हळूहळू सुकतो. साध्या कंडेन्सरचं गणित असं की 105 डिग्रीला 2,000 तास, आणि दर 10 डिग्री कमी झाले की आयुष्य दुप्पट. म्हणजे 85 ला 8,000 तास, रोज आठ तास टीव्ही लावला तर तीन वर्षंसुद्धा नाही. तोच कंडेन्सर 65 ला ठेवा, 32,000 तास, अकरा वर्षं. आता याच्या शेजारी काय बसवलंय बघा. हीटसिंक, म्हणजे तापणाऱ्या पार्टची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा. बोटभर जागा सोडून ती पलीकडे मोकळी जागा आहे, अख्खा टीव्ही मोकळा आहे, आणि हा चुलीला चिकटून बसलाय. मुद्दाम का चुकून, काका म्हणतात मला काय माहीत, मला रोज असले चार येतात.

मोबाइलचं थोडक्यात, कारण मोबाइल दुरुस्तीच्या स्टॉलवर उभं राहायलाच जागा नव्हती. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकणारच, ते रसायन आहे, त्यात कुणाचा दोष नाही. पण ती गोंदाने चिकटवायची, मागे काच लावायची, हे कुणी सांगितलं? 2017 च्या डिसेंबरमध्ये अॅपलने स्वतः कबूल केलं की बॅटरी जुनी झालेले आयफोन अपडेटने स्लो केले जातात, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. ते लोकांना सांगितलं नव्हतं यासाठी फ्रान्सने 2020 मध्ये अडीच कोटी युरोचा दंड लावला. ही मुलगी जी गरम प्लेटवर फोन ठेवून मागची काच सोडवतेय, तिची वेटिंग लिस्ट संध्याकाळपर्यंतची आहे.

(कुर्ला. भंगाराच्या गोण्या, टीव्हीच्या काळ्या चौकटी, वायरींचा ढीग. निवेदन एवढंच, पुढे फक्त चित्र.)

2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला, त्यातला रीतसर रिसायकल झाल्याची नोंद आहे तो 22.3 टक्के. बाकीचा असा.

(वीस सेकंद.)

कायदे येतायत. युरोपात जून 2025 पासून नव्या मॉडेलच्या फोनचे महत्त्वाचे पार्ट, मॉडेल बंद झाल्यावरही सात वर्षं द्यावे लागतात. फ्रान्समध्ये 2021 पासून काही वस्तू विकतानाच दाखवायला लागलं, दुरुस्तीला किती सोपं, दहापैकी मार्क. आपल्याकडे 2022 मध्ये राइट टू रिपेअरची, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काची कमिटी झाली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल पण आलं. काकांना मोबाइलवर उघडून दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी बघितलं, म्हणाले, "यात या टीव्हीचा डायग्राम आहे का?" नव्हता.

(टेबल. नवी पट्टी बसते. सोल्डरिंगचा धूर.)

फक्त मेलेला एलईडी बदलला तरी चाललं असतं, पण बाकीचे वीस पण तेवढेच पळालेत, आज ना उद्या बसणार, म्हणून तिन्ही पट्ट्या नव्या. कंडेन्सर एक. आणि आता हे नीट बघा, मला या सगळ्या व्हिडिओत हेच दाखवायचं होतं. बोर्डाच्या कोपऱ्यात तीन बारीक रेझिस्टर शेजारी शेजारी आहेत, तांदळाच्या कणीएवढे. बॅकलाइटला, म्हणजे त्या पट्ट्यांना, किती करंट जायचा ते हे तिघं मिळून ठरवतात. काकांनी सोल्डरिंगचं टोक लावलं, चिमट्याने त्यातला एक उचलला आणि ओल्या स्पंजवर टाकला. झालं. करंट कमी. म्हणाले, "उजेड जरा कमी वाटेल दोन दिवस. मग डोळ्यांना सवय होते."

परत ते तीन कागद, पेन्सिलची खूण बघून. परत काच, परत सगळे गप्प. प्लग.

(टीव्ही सुरू होतो.)

डावीकडे खालच्या कोपऱ्यात बोटभर सावली आहे, कागदाला कुठेतरी चुणी पडली असणार. काका म्हणाले परत उघडू का. मी नको म्हटलं. 1,900 रुपये झाले, तीन महिन्यांची गॅरंटी, तोंडी.

आम्ही कॅमेरा आवरायला घेतला होता, पण पोरगा काहीतरी करत होता म्हणून परत चालू केला. जुन्या पट्ट्यांमधला तो काळा ठिपक्याचा एलईडी त्याने कापून डब्यात टाकला, उरलेल्या वीसवर एकेक करून सुया लावल्या, जे अजून चांगले जळत होते त्यांच्यावर मार्करने टिंब काढलं, आणि पट्ट्या बिस्किटांच्या उभ्या डब्यात ठेवल्या. डब्यावर स्केचपेनने लिहिलंय, '32, चालू'.