पुलास्की उचलणारी पोरं

नमस्कार मंडळी. ज्यांच्या घरात हायस्कुलात जाणारं पोर आहे त्यांनी आवाज जरा वाढवा. बाकीच्यांनी पोळ्या लाटता लाटता ऐकलं तरी चालेल.

आजचा विषय आहे वायसीसी, म्हणजे यूथ कन्झर्व्हेशन कोअर. ही इथली, अमेरिकेतली सरकारी योजना. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी राष्ट्रीय उद्यानात नाहीतर सरकारी जंगलात काम करायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. पगार म्हणतोय मी, सर्टिफिकेट नाही. आपल्याकडे ‘मुलांना अनुभव मिळतो’ असं म्हणून फुकट राबवून घ्यायची एक रीत पडली आहे, तिचा मला मनापासून राग आहे. पोराचा घाम गळाला तर पोराला पैसे मिळायला हवेत. असो.

वय 15 ते 18. काम साधारण आठ ते दहा आठवडे, आठवड्याला चाळीस तास. 1970 साली यासाठी कायदा झाला, 1974 मध्ये योजना कायमची झाली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला निधी आटला, पण उद्यानांनी आणि वनखात्यानं आपल्या खर्चातून ती जिवंत ठेवली. मूळ कल्पना त्याहून जुनी. 1933 मध्ये, मंदीच्या काळात, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी बेकार तरुणांना जंगलात कामाला लावलं होतं. महिना तीस डॉलर, त्यातले पंचवीस थेट घरी जायचे. गिरणगावातून कोकणात मनिऑर्डर जायची ना, तसंच.

माझी भाची चिमी दोन वर्षांपूर्वी इथल्याच, वॉशिंग्टन राज्यातल्या एका जंगलात गेली होती. पहिल्या आठवड्यानंतर तिचा फोन आला, “मामा, आज दिवसभर पुलास्की होती, हात उचलत नाहीये.” मला वाटलं, जेवणात काही पोलिश पदार्थ असणार! मी विचारलं, “तिखट होती का?”

तर पुलास्की हे हत्यार. दांडा एकच. एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं. या बाजूनं मुळं तोडा, त्या बाजूनं माती ओढा. आणि हे नाव आहे एका माणसाचं. आता ती गोष्ट सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही, काचेपलीकडून मला कितीही घड्याळ दाखवा.

एड पुलास्की. आयडाहोमध्ये वॉलेस म्हणून खाणींचं गाव आहे, तिथला वनरक्षक. 1910 चा ऑगस्ट. उन्हाळाभर पाऊस नाही, जागोजागी लहान लहान आगी धुमसत होत्या. 20 ऑगस्टला वारा सुटला आणि त्या सगळ्या आगी एक झाल्या. दोन दिवसांत तीस लाख एकर जंगल गेलं. पुलास्की डोंगरात, बरोबर पंचेचाळीसेक माणसं, दोन घोडे. धुरात हाताला हात दिसेना. पण हा माणूस पूर्वी त्याच डोंगरात खाणकाम केलेला. जवळच एक सोडून दिलेला खाणीचा बोगदा आहे, हे त्याला ठाऊक होतं. सगळ्यांना त्यानं त्यात घातलं आणि पालथं पडायला सांगितलं. बोगद्याच्या तोंडाशी लाकडाचे टेकू होते, ते पेटले. हा ओली घोंगडी लावतोय, टोपीनं पाणी मारतोय. आतली माणसं घाबरून बाहेर धावायला लागली, तेव्हा यानं पिस्तूल काढलं. बाहेर पाऊल टाकेल त्याला गोळी. शेवटी सगळेच बेशुद्ध पडले, तोही.

पहाटे कुणीतरी शुद्धीवर आला आणि म्हणाला, साहेब मेले. आणि अंधारातून साहेबांचाच आवाज आला, मेले कसले! असं सांगतात बरं का. पाच माणसं आत दगावली, दोन्ही घोडे गेले. बाकीचे सरपटत, जळक्या वाटेनं वॉलेसला पोचले.

पुलास्कीचे डोळे आणि फुप्फुसं कायमची अधू झाली. सरकारनं त्याची कदर केली नाही. (सरकार कुठलंही असो, या बाबतीत सगळी सख्खी भावंडं!) तरी त्यानं नोकरी सोडली नाही. घरच्या भट्टीवर बसून हे जोडहत्यार ठोकून ठोकून ठीक केलं. तसलं काही आधीही लोकांनी बनवलं होतं, पण जंगलात रुळलं ते याचं. आज ते इथल्या वणव्यांवर सर्रास असतं, आणि आमच्या चिमीच्या हातात होतं.

मी तिला घेऊन वॉलेसला गेलो. सिअ‍ॅटलहून पाच तास. गावाबाहेरून दोन मैलांची पायवाट, शेवटी ओढ्यापलीकडे ते बोगद्याचं तोंड. मी गहिवरून उभा, आणि चिमी मान खाली घालून पायवाट न्याहाळतेय. “मामा, इथे पाणी काढलेलं नाही नीट.” म्हणजे काय, तर चढाच्या वाटेवर ठरावीक अंतरावर तिरका ओंडका नाहीतर दगड रोवायचे, म्हणजे पावसाचं पाणी बाजूला उतरतं. नाही रोवले तर दोन पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो. सबंध उन्हाळा तिनं हेच केलं होतं. करवतसुद्धा हातानं ओढायची, कारण अठराच्या आतल्या पोरांना यंत्राची करवत देता येत नाही.

बरं, वेळ संपत आली. पुन्हा सांगतो, वय 15 ते 18. अनुभव लागत नाही. पण नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. मुलं एच-फोरवर, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसामागून मिळणाऱ्या व्हिसावर असतील तर जमणार नाही, उगाच आशेवर ठेवू नका त्यांना. पगार किमान वेतनाचा, केंद्राचा आणि राज्याचा यातला जो दर जास्त तो. काही ठिकाणी मुलं रोज घरून जातात, काही ठिकाणी तिथेच राहतात, ते आधी विचारा. अर्ज त्या त्या उद्यानाकडे, आणि थंडी आहे तोवरच. मे महिन्यात जागे झालात तर कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचा, एसएटीचा क्लास आहेच, तो कधीही मिळतो.

चिमीच्या हातावरचे फोड पंधरा दिवसांत गेले. पहिल्या चेकमधून कर कापला गेला, त्याचा राग अजून गेलेला नाही.