इंजिन एक, भाव दोन

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या गाड्यांच्या बाजारात रविवारी एक चक्कर मारलीत, तर एक जोडी तुम्हाला हमखास दिसेल. एकाच सालच्या, साधारण सारखंच रनिंग झालेल्या दोन महिंद्रा शेजारी शेजारी उभ्या. एक स्कॉर्पिओ, दुसरी एक्सयूव्ही 500. नवी घेताना एक्सयूव्हीला जास्त पैसे मोजावे लागले होते. आत बसून बघा, ऐसपैस तीच, शांत तीच, घाटात कमी डोलणारीही तीच. आणि तरी स्कॉर्पिओचा आकडा तिच्या बरोबरीला येतो, कधी पुढेही जातो. गंमत म्हणजे दोघींच्या बहुतेक मॉडेलांत बॉनेटखाली महिंद्राच्या एमहॉक घराण्यातलंच 2.2 लिटरचं डिझेल इंजिन आहे. कंपनी तीच, इंजिन तेच, मग मधले पैसे गेले कुठे?

विकणाऱ्या एजंटला विचारलंत तर तो दोन शब्दांत उत्तर देतो : "रिसेल नाही." म्हणजे पुढे विकायला गेलात तर चांगला भाव येत नाही. आपण मान डोलावतो आणि मनात धरतो की गाडीतच काहीतरी खोट असणार. पण त्यानं गाडीबद्दल काही सांगितलेलंच नसतं. त्यानं सांगितलेलं असतं पुढच्या गिऱ्हाइकाबद्दल.

स्कॉर्पिओ 2002 साली आली, नाशिकच्या कारखान्यातून. वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, तिच्यावर बसवलेली बॉडी, मागच्या चाकांना ताकद. हा साचा आपल्या मिस्त्रींना जीपपासून पाठ होता. त्यामुळे ती तालुक्याच्या गावी बंद पडली, तरी बसस्टँडमागच्या गॅरेजमध्ये कुणीतरी हात पुसत बाहेर येतो आणि "लावा आत" म्हणतो. एक्सयूव्ही 500 आली 2011 मध्ये, चाकणहून. तिला वेगळी चासी नाही, ताकद पुढच्या चाकांना, आत सेन्सर आणि स्क्रीनची रेलचेल. नवी होती तेव्हा हेच तिचं मोठेपण होतं. आठ-दहा वर्षांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, तेव्हा तोच मिस्त्री म्हणतो, "हिला स्कॅनर लागेल, कंपनीत न्या." त्यात 2021 साली एक्सयूव्ही 700 आली आणि 500 बंद झाली. स्कॉर्पिओचं नवं रूप 2022 मध्ये आलं, पण जुनीही 'क्लासिक' नावानं चालूच राहिली. म्हणजे जुन्या स्कॉर्पिओचे बरेच भाग आजही कारखान्यात बनताहेत.

आता डीलरच्या बाजूनं बघा. त्याचा पैसा गाडीत अडकलेला असतो, बहुतेक वेळा व्याजानं उचललेला. स्कॉर्पिओ पंधरवड्यात उठेल याची त्याला खात्री असते. दुसरी उन्हात दोन-तीन महिने उभी राहणार, बॅटरी उतरणार, इन्शुरन्स संपणार, शेवटी पडेल भावात द्यावी लागणार. ही सगळी भीती तो गाडी विकत घेतानाच किमतीतून कापून घेतो. गाडी देणाऱ्याला कमी मिळतात आणि म्हणून आपल्यालाही ती कमी किमतीत दिसते. जमिनीच्या व्यवहारात काळी कसदार जमीन निव्वळ रस्ता नाही म्हणून निम्म्यानं जाते ना, तसलाच प्रकार. मातीला कुणी नावं ठेवत नाही.

याचं सगळ्यात लख्ख उदाहरण म्हणजे देश सोडून गेलेल्या कंपन्या. शेवरोलेची कॅप्टिवा, ट्रेलब्लेझर आठवत असतील. त्यांच्या कंपनीनं, जनरल मोटर्सनं, 2017 अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं. फोर्डनं सप्टेंबर 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा इकोस्पोर्टवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. आदल्या संध्याकाळी जी गाडी होती, तीच दुसऱ्या दिवशी सकाळी होती. सर्व्हिस आणि पार्ट मिळत राहतील असं कंपनीनं सांगितलंही. पण बाजार आश्वासनावर चालत नाही. एन्डेव्हरची गोष्ट मात्र जरा वेगळी. तिचं 3.2 लिटरचं पाच सिलिंडरचं इंजिन जिवापाड जपणारी मंडळी आहेत, कंपनी गेल्यावरही ती चांगली गाडी शोधत फिरतात. मागणाऱ्यांची संख्या थोडी असली, तरी ती हट्टी असली की भाव टिकतो.

हट्टी मंडळीसुद्धा वाट्याला आली नाहीत अशी एक गाडी आपल्या पिंपरी-चिंचवडची आहे. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सनं 2011 मध्ये 'फोर्स वन' काढली. इंजिनाचं तंत्र डाइमलरचं, म्हणजे मर्सिडीजवाल्यांचं. यंत्र म्हणून ती मुळीच टाकाऊ नव्हती. पण विकल्या गेल्या थोड्या आणि काही वर्षांत ती बंद झाली. आज कुणी ती मातीमोल भावात देऊ केली, तर इंजिनाची चिंता करू नका. मागचा दिवा फुटला तर तो कुठून आणणार, याची करा.

म्हणून माझा एक सांगावा आहे. गाडी बघायला जाण्याआधी एक फोन करा, तोही एजंटला नव्हे, पार्टच्या दुकानात. पुण्यात असाल तर नाना पेठेत, मुंबईत असाल तर कुर्ल्याला. गाडीचं नाव आणि साल सांगा, आणि तीन वस्तू विचारा : हेडलाईट, इंजिनात हवा कोंबणारा टर्बो आणि पुढचं चाक गाडीला जोडून ठेवणारा लोअर आर्म. "संध्याकाळी घेऊन जा" असं उत्तर आलं, तर किंमत पडलेली असूनही गाडी घेण्यासारखी आहे. "ऑर्डर टाकावी लागेल, अॅडव्हान्स द्या, तारीख सांगत नाही" असं आलं, तर आणखी पन्नास हजार कमी करून मागा, नाहीतर फोन ठेवल्या ठेवल्या विषय सोडून द्या.

या फोनमुळे कधीकधी लॉटरीही लागते. टाटांची आरिया 2010 साली आली. किंमत लोकांच्या पचनी पडली नाही, आणि एसयूव्ही म्हणावी की मोठी फॅमिली गाडी हेही कुणाला नीट ठरवता आलं नाही. जुन्या बाजारात ती आजही पोरकी आहे. पण तिचं 2.2 लिटरचं डिझेल इंजिन सफारी स्टॉर्मच्या नात्यातलं, पुढे हेक्सामध्येही त्याच घराण्यातलं इंजिन आलं. इंजिनाचं काम जाणणारे हात त्यामुळे सापडतात. नाव पडलेलं आणि आतडी ओळखीची, अशी गाडी चालवून संपवायची असेल तर माझं मत तिच्या बाजूनं आहे. तीन वर्षांत विकून दुसरी घ्यायची असेल, तर तिच्या वाटेला जाऊ नका. तुम्हाला जी स्वस्त मिळाली, ती तुमच्याकडून आणखी स्वस्तात जाणार.

दुसरी स्वस्ताई दिल्ली पासिंगची. फॉर्च्युनर असो, क्रेटा असो, आठ-नऊ वर्षांची डिझेल गाडी दिल्लीहून इतकी खाली येते की जाहिरात वाचणाऱ्याला छापण्यात चूक झाली असं वाटावं. तिथं 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर 2015 मध्ये हरित लवादानं बंदी घातली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. 2025 च्या जुलैत अशा गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा नियम आला, तो काही दिवसांतच बारगळला. ऑगस्टमध्ये न्यायालयानं सक्तीच्या कारवाईला आवर घातला. पण असल्या खाली-वर होण्यानंच मालक कंटाळतो आणि मुदत भरायच्या आत गाडी काढून टाकतो. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे कागदावर सहा-सात वर्षं शिल्लक राहतात. सौदा खरा वाटतो. मात्र गाडी इथं आणून 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची, तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि त्यासोबत इथला रोड टॅक्स. महाराष्ट्रात नव्या डिझेल गाडीला तो किमतीप्रमाणे 13 ते 15 टक्के आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, पण माफ होत नाही. त्यात दिल्लीच्या आरटीओचं ना-हरकत पत्र, म्हणजे एनओसी, इथल्या आरटीओच्या खेपा, दिल्लीतल्या बँकेचा बोजा उतरवल्याचा कागद. हे सगळं बेरजेत धरल्यावर जो फरक उरेल, तेवढीच ती स्वस्त. कधी चांगला उरतो, कधी आपलं पेट्रोल फुकट जाळलं असं होतं.

सरकारी कलमाच्या एका फटक्यानंही जुन्याचा भाव हलतो. 22 सप्टेंबर 2025 ला मोठ्या एसयूव्हीवरचा कर सेस धरून 50 टक्क्यांपर्यंत होता, तो 40 वर आला. नवी फॉर्च्युनर साडेतीन लाखांच्या आसपास उतरली. नवी उतरली की दोन वर्षांची जुनी आपोआप खाली सरकते. त्या आधीच्या महिन्यात जुनी घेणाऱ्यांनी काय म्हटलं असेल, ते आकाशवाणीवर सांगण्यासारखं नाही.

आतापर्यंत ज्या स्वस्ताईबद्दल बोललो, तिच्यात गाडीचा दोष नव्हता. एक स्वस्ताई मात्र अशी आहे की जिच्यात दोष गाडीच्याच पोटात असतो : पुरात बुडालेली गाडी. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि 2021 च्या जुलैत चिपळूणला पाणी शिरलं, तेव्हा किती गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या ते आपण टीव्हीवर पाहिलंय. विमा कंपनी अशी गाडी 'टोटल लॉस' धरते, मग ती लिलावात जाते, धुऊनपुसून, सीट कव्हरं बदलून दुसऱ्याच जिल्ह्यात उभी राहते. बाहेरून चकाचक. म्हणून ड्रायव्हरच्या सीटचा बेल्ट सावकाश, अगदी शेवटपर्यंत ओढून काढा. रोज वापरात येतो तो भाग धुतलेला असतो. जो कायम गुंडाळलेला राहतो, त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची तपकिरी रेघ किंवा कडक झालेला भाग सापडतो. मग सीट पूर्ण मागे सरकवून खालच्या रुळाचे बोल्ट बघा, बाकी गाडी नवीसारखी आणि तेवढेच गंजलेले असतील तर संशय घ्या. बूटमधलं कार्पेट उचला, जॅक ठेवायच्या खाचेत बोट फिरवा. वाळू हाताला लागली की मालकाकडे जुन्या पॉलिसीचा नंबर मागा आणि विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास काढा. नंबर द्यायला तो का-कू करू लागला, तर टोकनचे पैसे खिशातच राहू द्या.

नमस्कार.