अळीला सवय झालेली नाही

(यवतमाळ जिल्ह्यातील एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बीटी कपाशी, म्हणजे अळी मारणारे जिवाणूचे जनुक घातलेली कपाशी, गुलाबी बोंडअळीपुढे का हरली, असे विचारले की "अळीला आता बीटीची सवय झाली," हे वाक्य मी वर्ध्यापासून वणीपर्यंत ऐकत आलो आहे, आणि ते चुकीचे आहे एवढेच सांगण्यासाठी आज उभा आहे. सवय माणसाला सुपारी-तंबाखूच्या खर्‍याची लागते. पण जिला विष लागू पडते ती अळी कोवळ्या वयातच मरते, तिला सवय व्हायला आयुष्यच उरत नाही. एकेक अळी आहे तशीच राहते. पिढ्यांगणिक बदलते ते शिवारातल्या सगळ्या अळ्यांमधील जनुकांचे प्रमाण.

कपाशीत घातलेल्या जिवाणूच्या जनुकापासून तयार होणारे क्राय१एसी हे प्रथिन अळीच्या आतड्यातील कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, आणि त्यानंतर आतड्याच्या पेशी फुटतात. ज्या अळीत कॅडहेरिनचे जनुकच बिघडलेले असते, तिच्यात विषाला धरायला जागा मिळत नाही. तिने कोणतीही नवी ताकद कमावलेली नसते. दाराची कडीच मोडकी असल्यामुळे ती वाचते. भारतातील प्रतिकारक्षम गुलाबी बोंडअळ्यांमध्ये हे जनुक निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या रीतीने मोडलेले आढळले आहे, यावरून असे बिघाड स्वतंत्रपणे अनेकदा घडले असावेत, हे उघड आहे. बीटीने ते घडवले नाहीत, फक्त बाकीच्या अळ्या मारून यांना शिवार मोकळे करून दिले.

आता थोडा हिशेब करू. हा दोष अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून मोडके जनुक आले तरच अळी तगते. समजा, हजारात एक जनुक मोडके आहे. तर दोन्ही मोडकी असलेली अळी दहा लाखांत एक निघेल, आणि बहुतेक सारी मोडकी जनुके एकेरी वाहकांत, म्हणजे एकच मोडके जनुक असलेल्या अळ्यांत, दडलेली असतील, जे बीटीच्या शेतात मरतात. म्हणूनच कडेने साध्या कपाशीचे आश्रय पीक लावायचे होते: बीटीतून वाचलेल्या एखाद्या पतंगाची गाठ आश्रयातल्या असंख्य साध्या पतंगांशी पडावी आणि त्यांची पिल्ले एकेरी वाहक निपजून मरावीत. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत पूर्वी येणारी साध्या बियाण्याची १२० ग्रॅमची ती पुडी किती जणांनी पेरली, हे मी विचारणार नाही, कारण आमच्याच घरी ती धाब्यावर पडून असे.

बीटी कपाशीला परवानगी मिळाली २००२ मध्ये, दोन बीटी जनुकांचे वाण आले २००६ मध्ये, आणि २०१७ च्या हंगामात आपल्याकडे डोळ्यांदेखत बोंडे किडून त्यांची कवडी झाली. त्यात फरदडीने, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखण्याच्या रीतीने, भर घातली. ही अळी आपल्याकडे मुख्यतः कपाशीवर जगते, आणि पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी ठेवली की बीटीतून वाचलेल्या अळ्यांना आणखी पिढ्या काढायला वेळ मिळतो.

यातली सर्वांत कमी बोलली गेलेली गोष्ट मात्र बोंडाच्या आत आहे. बाहेरून धड दिसणारे हिरवे बोंड कापून पाहा: ओलसर रुईत पांढरी सरकी, आणि एखाद्या कप्प्यात सरकी पोखरणारी गुलाबी पट्ट्यांची अळी. आपले वाण संकरित असल्याने झाडात प्रत्येक बीटी जनुकाची एकच प्रत असते, आणि मेंडेलच्या नियमाने त्याच्या सुमारे पाव सरकीत ते जनुक नसतेच. एका बोंडात विषारी आणि बिनविषारी सरकी अशी शेजारी आल्यामुळे अळीला विषाचा मारा अपुरा बसतो, आणि जे एकेरी वाहक मरायला हवे होते, त्यांतले काही वाचण्याची शक्यता वाढते. अशी योजना जाणूनबुजून केली असती, तरी प्रतिकारक्षम अळ्यांच्या नैसर्गिक निवडीला याहून सोयीची झाली नसती, असे मला वाटते.

चीनमध्ये यांगत्झे नदीच्या खोऱ्यात हाच पाव हिस्सा उलट उपयोगी पडला. तेथील शेतकऱ्यांनी बीटी आणि साध्या कपाशीच्या संकराचे दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरले, त्यामुळे शेतात चारांपैकी एक झाड संपूर्ण बिनबीटीचे उगवले. त्या झाडांवर साधे पतंग पोसले गेले, आणि तिथल्या गुलाबी बोंडअळीत वाढू लागलेले प्रतिकाराचे प्रमाण पुन्हा खाली आले.