गोळी आईची, परिणाम बाळावर

साल १९७३. ब्रिटनमध्ये फिटवरचं एक नवं औषध यायच्या तयारीत आहे: सोडियम व्हॅल्प्रोएट. प्राण्यांवरच्या चाचण्यांत गर्भाला इजा झालेली दिसली आहे. सरकारी समिती ठरवते की, इशारा डॉक्टरांना द्यायचा. पाकिटातल्या चिठ्ठीवर छापायचा नाही, म्हणजे रुग्णांच्या नजरेस पडणार नाही. हे लेखी नोंदलेलं आहे. गोळी जिने गिळायची, तिलाच अंधारात ठेवलं गेलं.

औषध गुणकारी, म्हणून ते जगभर पोचलं. पण गरोदरपणी घेतलं, तर १० पैकी साधारण एका बाळाला जन्मजात व्यंग असतं. ते लवकर लक्षात तरी येतं. मेंदूवरचा परिणाम उशिरा कळतो. मूल दोन वर्षांचं होतं, तरी शब्द फुटत नाही. चालणं लांबतं. शाळेत बाईंनी आत्ता सांगितलेलं मिनिटात विसरतं. अशा १०० मुलांपैकी ३० ते ४० जणांच्या वाढीत अडचणी येतात. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी ही मुलं सहा वर्षांची होईपर्यंत तपासली. २०१३ साली आकडे आले: व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आयांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ९७, लॅमोट्रिजिन हे फिटवरचं दुसरं औषध घेणाऱ्यांच्या मुलांचा १०८. डोस मोठा, तशी घटही मोठी.

ब्रिटनमधल्या एमा मर्फी यांनी गरोदरपणी हेच औषध घेतलं, त्यांच्या पाचही मुलांना याची झळ बसली. अशाच दुसऱ्या आई जॅनेट विल्यम्स यांच्यासोबत त्या वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा कुठे २०१८ मध्ये ब्रिटनने या औषधाचे नियम कडक केले.

आपल्याकडे गुंता वेगळा आहे. वारंवार फिट येणं हे १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात लग्न रद्द करून घेण्याचं कारण होतं. कायदा बदलला, पण स्थळ मोडेल ही भीती गेली नाही. मुलगी सासरी गोळ्या साड्यांच्या घडीखाली ठेवते. मग औषध बदलण्याचा विषय निघणार कसा? बाळाचा मज्जारज्जू तर पहिल्या चार आठवड्यांतच आकार घेतो. तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं.

मात्र हे ऐकून कुणीही आपल्या मनाने गोळी बंद करू नका. मोठी फिट आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटॅम या फिटवरच्या दुसऱ्या औषधांचा धोका बराच कमी आहे, पण बदल डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू, मूल राहण्याच्या काही महिने आधी करावा लागतो. फॉलिक अ‍ॅसिडही तेव्हापासूनच हवं. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संस्थेत १९९८ पासून फिट येणाऱ्या गरोदर स्त्रियांची नोंद ठेवली जाते. त्यातल्या बहुतेकींची बाळं सुदृढ जन्मली आहेत.