गाडी थांबली, आणि मग पुन्हा निघाली

[दृश्य: रात्रीचा मार्केट स्ट्रीट. ट्राम, पर्यटकांची गर्दी, मग छपरावर घुमट फिरणारी पांढरी गाडी.]

सॅन फ्रान्सिस्कोतला मार्केट स्ट्रीट आणि फिफ्थ स्ट्रीटचा हा चौक. एका बाजूने जुनी ट्राम खडखडत जाते, पलीकडे केबल कार बघायला आलेल्यांची रांग लागलेली असते. आणि या गर्दीतून सफाईने वाट काढणारी ही पांढरी गाडी. जरा जवळून बघा. स्टिअरिंग फिरतंय, इंडिकेटर लागतोय, पण चालकाच्या सीटवर कुणीच नाही.

आज इथे दिसतात त्या वेमो कंपनीच्या गाड्या. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांच्या जोडीला क्रूझ कंपनीच्या गाड्याही धावत होत्या. क्रूझची मालकी जनरल मोटर्सकडे. त्या वर्षी १० ऑगस्टला कॅलिफोर्निया राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाने तीन विरुद्ध एक मतांनी निर्णय दिला की दोन्ही कंपन्यांनी चालकाविना, चोवीस तास, पैसे घेऊन प्रवासी न्यायला हरकत नाही. शहराच्या अग्निशमन दलाचा याला विरोध होता. आगीच्या ठिकाणी या गाड्या मध्येच उभ्या राहतात, अशी त्यांची तक्रार होती.

[दृश्य: आरेखन. वरून दिसणारा चौक, दोन गाड्या, एक ठिपका.]

२ ऑक्टोबर २०२३, रात्री साडेनऊचा सुमार. सिग्नलला शेजारी शेजारी दोन गाड्या उभ्या आहेत. डावीकडच्या निसानमध्ये माणूस आहे, उजवीकडच्या क्रूझमध्ये कुणी नाही. सिग्नल हिरवा होतो, दोन्ही गाड्या निघतात. एक स्त्री रस्ता ओलांडतेय, तिच्यासाठी सिग्नल लाल आहे. निसानची धडक तिला बसते आणि ती उडून क्रूझच्या पुढ्यात पडते. निसानवाला पळून जातो.

इथवर दोष माणसाचा. क्रूझने ब्रेक लावला, पण अंतरच उरलं नव्हतं. गाडी तिच्या अंगावर गेली आणि थांबली.

आता पुढचे सेकंद सावकाश बघायचे आहेत, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे.

गाडी थांबलेली आहे. स्त्री गाडीखाली आहे. धडक बसली एवढं यंत्राला कळलंय. पण कुठून बसली, हे त्याने चुकीचं ओळखलं. पुढून बसलेली धडक त्याच्या हिशेबात बाजूने बसली. डावीकडच्या कॅमेऱ्यात त्या स्त्रीचे पाय दिसत होते, मात्र गाडीखाली माणूस आहे असा अर्थ यंत्राने काढला नाही. बाजूने किरकोळ धडक बसली तर रस्त्यात न थांबता कडेला जायचं, हा नियम त्यात आधीच लिहून ठेवलेला होता. त्याप्रमाणे गाडी कडेला निघाली. सुमारे २० फूट गेली, वेग ताशी ७ मैलांपर्यंत पोहोचला. चाकांच्या फिरण्यात काहीतरी विसंगती आहे असं यंत्राला आढळलं, तेव्हा ती पुन्हा थांबली.

कंपनीनेच नेमलेल्या तंत्रज्ञांनी नंतर अहवालात लिहिलं की सावध मानवी चालकाला आपण कुणाला तरी धडकलोय हे कळलं असतं आणि तो पुढे गेला नसता.

[दृश्य: त्या रात्रीचे वृत्तवाहिनीचे क्षण. जवान, उचललेली गाडी. निवेदन नाही.]

[दृश्य: १९५ पानी अहवालाची पानं.]

दुसऱ्या दिवशी सकाळी राज्याच्या मोटार वाहन विभागाबरोबर कंपनीची बैठक झाली. हे पान बघा. बैठकीच्या आधीच क्रूझमधल्या शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना ठाऊक होतं की गाडीने त्या स्त्रीला फरपटत नेलं. वरिष्ठ अधिकारी आणि कायदा विभागातले लोकही त्यांत होते. तरी बैठकीत तोंडाने कुणी ते सांगितलं नाही. व्हिडिओ लावला की तोच काय ते सांगेल, असं ठरलं होतं. इंटरनेट अडखळत होतं, चित्र तुटत होतं. पत्रकारांना दाखवलेली फीत तर पहिल्या थांब्यालाच संपत होती.

२४ ऑक्टोबरला विभागाने क्रूझचे चालकरहित परवाने स्थगित केले.

पुढचं झटपट सांगतो. सार्वजनिक सेवा आयोगाचा दंड १ लाख १२ हजार ५०० डॉलर. केंद्रीय वाहतूक सुरक्षा यंत्रणेचा १५ लाख डॉलर. केंद्रीय न्याय विभागाशी झालेल्या करारात ५ लाख डॉलर, आणि खोटा अहवाल दिल्याची कबुली. मुख्य अधिकारी काइल वोग्ट यांनी राजीनामा दिला, सुमारे ९०० जणांच्या नोकऱ्या गेल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीचा, म्हणजे चालकाविना टॅक्सीचा, व्यवसायच गुंडाळला.

हे तिन्ही दंड कशासाठी झाले, ते नीट पाहायला हवं. ते झाले माहिती दडवल्याबद्दल, अपुरी दिल्याबद्दल. २० फूट फरपटत नेण्याची जबाबदारी कुणाची, हे त्यांतल्या एकाही आदेशाने ठरवलेलं नाही. त्या स्त्रीबरोबर कंपनीने बंद दाराआड तडजोड केली. बातम्यांनुसार रक्कम ८० लाख ते १ कोटी २० लाख डॉलरच्या दरम्यान होती. तिला पैसे मिळाले ते योग्यच झालं. पण त्यामुळे हा प्रश्न एकाही न्यायाधीशासमोर गेला नाही, आणि पुढच्या जखमी माणसाला आधाराला घेता येईल असा निकाल तयार झाला नाही.

[दृश्य: त्या चौकातून पायी निघालेला कॅमेरा. सिव्हिक सेंटर, ३५० मॅकॲलिस्टर स्ट्रीट, दगडी इमारत.]

वाईट याचं वाटतं की उत्तराची सुरुवात याच शहरात, त्या चौकापासून चालत अर्ध्या तासाच्या आत आहे. ही कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाची इमारत.

१९४४ साली या न्यायालयात एक प्रकरण आलं. उपाहारगृहात वाढायचं काम करणारी एक बाई शीतपेटीत कोका-कोलाच्या बाटल्या ठेवत होती. एक बाटली हातातच फुटली, तळहात चिरला गेला. बाटली भरताना कारखान्यात कुणी काय चूक केली, हे त्या बाईने कसं सिद्ध करायचं? ती कधी कारखान्यात गेलेली नाही, यंत्रं पाहिलेली नाहीत. निकाल तिच्या बाजूने लागला, पण न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी आपलं वेगळं मत जोडलं. बाईला चूक दाखवायला लावूच नका, सदोष वस्तू बाजारात आणली एवढं पुरे आहे, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा ते मत एकट्याचं होतं. १९६३ साली तेच न्यायमूर्ती, हेच न्यायालय. एका माणसाला बायकोने नाताळची भेट म्हणून लाकूडकामाचं विजेवरचं यंत्र दिलं होतं. काम करताना लाकडाचा तुकडा उडाला आणि कपाळावर बसला. कंपनीचा बचाव होता की यंत्र बिघडल्याची सूचना त्याने वेळेत दिली नाही. न्यायालयाने तो बाजूला सारला. सदोष वस्तूने झालेल्या दुखापतीचा खर्च, स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या जखमी माणसाने नव्हे, तर ती वस्तू बाजारात आणणाऱ्या उत्पादकाने सोसायचा, हे तत्त्व या वेळी अख्ख्या न्यायालयाचं झालं.

१९६९ साली आणखी एक पाऊल पडलं. सदोष मोटारीमुळे जखमी झालेला माणूस त्या मोटारीचा गिऱ्हाईक असायलाच हवा असं नाही, रस्त्यावरच्या तिऱ्हाइतालाही हेच संरक्षण आहे. आणि १९७८ साली हेही ठरलं की रचनेनेच इजा झाल्याचं जखमी माणसाने दाखवलं, तर त्या रचनेचे फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत हे सिद्ध करण्याचा भार उत्पादकावर जाऊ शकतो.

बाटली, लाकूडकामाचं यंत्र, मोटार. फिफ्थ स्ट्रीटवरची स्त्री तर गिऱ्हाईकही नव्हती, रस्त्याने चालली होती. धडक बसल्यावर कडेला जा, हा नियम कुणाच्या तरी टेबलावर ठरला होता. याला रचना म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

[दृश्य: ॲरिझोना. टेंपी, मिल ॲव्हेन्यू, रात्र.]

कंपन्यांना दुसरी वाट जास्त सोयीची असते, ती इथे दिसते. मार्च २०१८. उबरच्या चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला धडक दिली, ती दगावली. धडकेच्या ५.६ सेकंद आधी रडारने तिला टिपलं होतं. यंत्र तिला कधी वाहन समजलं, कधी सायकल, कधी निव्वळ वस्तू. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यता रचनेत धरलेलीच नव्हती, असं केंद्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपासाअंती लिहिलं. सरकारी वकिलांनी कंपनीवर फौजदारी गुन्हा होत नाही असं ठरवलं. गाडीत देखरेखीला बसलेली कर्मचारी मोबाइलमध्ये बघत होती. खटला तिच्यावर चालला आणि २०२३ साली तिने गुन्हा कबूल केला.

तिची चूक होतीच. पण सीटवर एक माणूस होता, म्हणून बोट दाखवायला जागा मिळाली. आता ती सीट रिकामी आहे.

[दृश्य: सॅन ब्रूनो. पोलिसांची गाडी, थांबवलेली वेमो.]

सप्टेंबर २०२५ मध्ये विमानतळाजवळच्या सॅन ब्रूनोत एका वेमोने चुकीच्या जागी यू-टर्न घेतला. पोलिसांनी थांबवलं, आत कुणी नाही. दंडाची पावती फाडायची तर ती कुणाच्या नावाने? कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत व्याख्या आहे की सीटवर कुणी नसेल तर यंत्रणा सुरू करणारा तोच चालक. तरी पावती निघाली नाही. ही उणीव भरणारा नवा कायदा २०२४ सालीच मंजूर झाला होता, पण तो तेव्हा लागू नव्हता. जुलै २०२६ पासून पोलीस अशा गाडीबद्दल थेट कंपनीच्या नावे नोटीस काढू शकतात. चांगलं पाऊल आहे, पण ते वाहतुकीच्या नियमभंगापुरतं. जखमी माणसाच्या भरपाईचा त्यात विषय नाही.

[दृश्य: मुंबई. अंधेरी पूर्व, मेट्रोच्या पुलाखालची वाहतूक.]

आपल्याकडे अशा गाड्या नाहीत. चालकरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममध्ये सांगितलं, कारण चालकांचा रोजगार. पण कायद्याकडे आजच बघून ठेवावं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पूर्ण भरपाई मागायची तर चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. दोष न दाखवता मिळणारी रक्कम ठरलेली आहे: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. चालकच नसेल तर निष्काळजीपणा कुणाचा दाखवायचा? दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीनंतर १९८६ साली सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पीठाने धोकादायक उद्योगांसाठी सबबींना जागाच न ठेवणारं दायित्व मांडलं होतं. ते रस्त्यावरच्या यंत्रांनाही लावावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ब्रिटनने २०१८ च्या कायद्यात सोपी तरतूद केली. गाडी स्वतः चालत असताना अपघात झाला, तर विमा कंपनीने जखमीला आधी पैसे द्यायचे. नंतर तिने उत्पादकाकडून वसूल करायचे ते करावेत. जखमी माणूस त्या भांडणात कुठेच नाही.

[दृश्य: वेमोच्या छपरावरचा फिरता घुमट, अगदी जवळून.]

हे यंत्र अखंड टिपत असतं. कॅलिफोर्नियाचा कायदा म्हणतो की धडकेच्या आधीच्या किमान ३० सेकंदांची नोंद कंपनीने तीन वर्षं जपून ठेवायची. आधीच्या. फिफ्थ स्ट्रीटवर जे घडलं ते धडकेनंतर घडलं. नंतरची नोंदही सक्तीने जपायला लावा, आणि तिची पूर्ण, न कापलेली प्रत ठरावीक दिवसांत जखमी माणसाच्या हातात द्या. हा बदल करायला नवं तंत्रज्ञान लागत नाही. कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो, तिथल्या विधिमंडळात एक कलम दुरुस्त करावं लागतं.