स्लॅबवरचं ऊन, बिलातले युनिट

(दृश्य: लातूरची एक वसाहत, एप्रिलची सकाळ. स्लॅबवर पाण्याची टाकी, जिन्याची खोली, कोपऱ्यात साडीवर वाळत घातलेल्या कुरडया.)

सोलारचं कोटेशन हातात आलं की नजर आधी खालच्या आकड्यावर जाते. पण तो आकडा स्वस्त की महाग, हे कळतं घरातल्या विजेच्या बिलावरून. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. रुपये बाजूला ठेवा आणि १२ महिन्यांचे युनिट एका कागदावर उतरवून काढा.

एक नमुन्याचं घर घेऊ. एप्रिल ते जून कूलर रात्रंदिवस चालतो, महिन्याला ३८० युनिट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी १७०. उरलेले पाच महिने २४०. वर्षाचे झाले ३,०२० युनिट.

मराठवाड्यात १ किलोवॅट सोलार वर्षभराच्या सरासरीने महिन्याला साधारण १२० युनिट देतो. म्हणजे या घराला २ किलोवॅट पुरे. ५४० वॅटचे ४ पॅनेल, एक इन्व्हर्टर, सावली नसलेली २०० चौरस फूट जागा. बाजारभाव ढोबळ सव्वा ते दीड लाख. आपण १ लाख ३० हजार धरू. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार अनुदान आहे. त्यापुढे कितीही बसवा, ७८ हजारांवर काही मिळत नाही. आपले ६० हजार वजा जाता उरले ७० हजार. स्ट्रक्चर, म्हणजे पॅनेलखालचा लोखंडी सांगाडा, उंच घेतलं तर आणखी ८ हजार. एकूण ७८ हजार.

(दृश्य: बिलाचा जवळून घेतलेला शॉट. बोट दरांच्या टप्प्यांवर थांबतं.)

आता बचत. बहुतेकांचा हिशेब इथे चुकतो, कारण ते सरासरी दर धरतात. बिलाचे टप्पे असतात. दर बदलत राहतात, पण वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च) धरून पहिले १०० युनिट सहा रुपयांच्या आसपास, १०१ ते ३०० अकराच्या आसपास, त्यावरचे त्याहूनही महाग. सोलार सगळ्यात आधी वरचे, महागडे युनिट खातो. म्हणून ३८० युनिट जाळणाऱ्या घराला तो लवकर फिटतो आणि ९० युनिटवाल्याला उशिरा. नमुन्याच्या घरात १६ टक्के वीज शुल्क धरून वर्षाला २८ हजारांच्या आसपास वाचतात. स्थिर आकार मात्र शून्य युनिट आले तरी भरावाच लागतो. पैसे फिटायला तीन वर्षांच्या आतबाहेर. दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागेल, तो खर्च आत्ताच वहीत लिहून ठेवा.

मग ३ किलोवॅटच का नको? ‘अनुदान पूर्ण मिळतंय की!’ हे वाक्य प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी असतं. तिसरा किलोवॅट अनुदान वजा जाऊन आणखी ४७ हजारांच्या घरात जातो, आणि या घराच्या बिलातले जेमतेम ४ हजार वाचवतो. पुढच्या उन्हाळ्यात एसी येणार असेल तर जरूर घ्या. नसेल तर जास्तीचे युनिट कोणासाठी?

त्यात ३१ मार्चची मेख आहे. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे लाइनला दिलेले युनिट घेतलेल्यातून वजा होतात त्या पद्धतीत, शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण फक्त आर्थिक वर्ष संपेपर्यंत. नंतर त्यांचे पैसे मिळतात, तेही कमी दराने. आपल्याकडे हिवाळ्यात साठलेले युनिट ३१ मार्चला संपतात आणि १ एप्रिलपासून कूलर सुरू होतात! नमुन्याच्या घरातच तीनशे-साडेतीनशे युनिट असे निसटतात. म्हणून हिशेब वार्षिक बेरजेवर करू नका, महिन्यागणिक करा. जुलै ते सप्टेंबर आभाळ असतं, तेव्हा २ किलोवॅटचं उत्पादन महिन्याला १९० युनिटपर्यंत उतरतं.

(दृश्य: इन्व्हर्टरवर लाल दिवा. बाहेर भर उन्हातली डीपी.)

वीज गेली की ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला, सोलारही बंद पडतो. हा बिघाड नव्हे. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी केलेली ती सोय आहे. पण गावात रोज ११ ते २ भारनियमन असेल तर दिवसातलं सगळ्यात दाट ऊन वाया जातं. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, तेव्हाही इन्व्हर्टर ट्रिप होतो. अशा गावात उत्पादन किलोवॅटला महिन्याला १२० नव्हे, ८०-९० धरून गणित मांडा. बॅटरी लावली तर हे टळतं, पण बॅटरीला अनुदान नाही.

आता स्लॅबवर. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, कल १५ ते २० अंश. जिन्याच्या खोलीची आणि टाकीची सावली डिसेंबरात सगळ्यात लांब पडते, त्यामुळे पाहणी मे महिन्यात झाली असेल तर सावलीचा अंदाज वेगळा काढायला लावा. एका पॅनेलवर सावली पडली की त्या ओळीतल्या सगळ्यांचं उत्पादन घटतं. जुन्या माळवदाच्या घरावर हे ओझं टाकू नका. पत्र्यावर बसवायचं तर आधी खालचे अँगल तपासा.

उंच स्ट्रक्चर घेतलं की खाली झोपता येतं, कुरडया वाळवता येतात. पण वळवाच्या वादळी वाऱ्यात तेच शिडासारखं फुगतं. पायाला स्लॅबमध्ये केमिकल अँकर (रसायनाने घट्ट बसवलेले बोल्ट) किंवा काँक्रीटचे ठोकळे हवेत. नुसत्या फास्टनरवर उभं केलेलं उडून शेजारच्या अंगणात जातं. लोखंड हॉट डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) आहे, हे कोटेशनवर लिहून घ्या. त्यावरच पॅनेलची कंपनी आणि वॅट, डीसीआर (सेलसकट भारतात बनलेले पॅनेल) असल्याचा उल्लेख, इन्व्हर्टरची वॉरंटी वर्षांत, आणि अर्थिंग किती हेही हवं. अर्थिंग तीन लागतात: स्ट्रक्चर, इन्व्हर्टर, आकाशातल्या विजेसाठीचा वीजरोधक. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याची पकड सुटते, त्यामुळे अर्थिंगची मोजणी मेमध्येही एकदा करून घ्या. डीसीआर नसलेले पॅनेल स्वस्त पडतात, पण अनुदान जातं.

कागदांत बहुधा एकच अडचण येते: मीटर अजून आजोबांच्या नावावर. अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात, प्रकल्प सुरू झाल्यावर जमा होतं. तोवर पूर्ण रक्कम तुमच्या खिशातून किंवा कर्जातून जाते. त्यामुळे नाव बदलून घेणं पहिलं काम.

(दृश्य: पहाट. बादली, मऊ कपडा, लांब दांड्याचा वायपर.)

पॅनेल धुवायचे ते पहाटे. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर काच तडकू शकते. बोअरचं क्षाराचं पाणी वाळू दिलंत तर पांढरे डाग बसतात, ते मग निघता निघत नाहीत. धुतल्यावर लगेच वायपर फिरवा. खळ्याच्या दिवसांत पंधरवड्याला एकदा, एरवी महिन्याला एकदा पुरे. आणि धुण्याच्या आदल्या दिवशीचे व दुसऱ्या दिवशीचे युनिट इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये बघा. आभाळ सारखंच असून आकडा जागचा हलला नाही, तर कारण धूळ नाही. पॅनेलच्या वायरी जोडणारे कनेक्टर तपासायला माणूस बोलवा.